परतीचं पान

जयाच्या वहीत डावीकडच्या पानावर काय बदललं ते लिहिलेलं असे, आणि उजवीकडच्या पानावर तिथून परत कसं यायचं ते. अशा अकरा वह्या नालवाडीतल्या कैलासभाऊंच्या स्टुडिओत फळीवर रांगेनं उभ्या होत्या. लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्या, त्यांचे रंग सुधारणाऱ्या बाईला वही कशाला लागते, असं नवीन गिऱ्हाईक विचारी. जुनं गिऱ्हाईक विचारत नसे, कारण त्याला त्या वहीनं कधी ना कधी खोटं पाडलेलं असे.

वहीची गोष्ट अशी. कॉम्प्युटरवरच्या त्या प्रोग्रॅममध्ये कोपऱ्यात एक यादी असते. तुम्ही उजेड वाढवला, ती टिपून घेते. लाल कमी केला, टिपून घेते. यादीतल्या कुठल्याही ओळीवर दाबलं की चित्र मागं त्या ठिकाणी जातं. पण ही यादी प्रोग्रॅम उघडा असेपर्यंतच जगते. तो बंद झाला की यादी पुसली. मग हाती निकाल तेवढा राहतो, वाट राहत नाही. जया कामाला लागली त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा वीज गेली, इन्व्हर्टरनंही मान टाकली, आणि पुलगावच्या एका लग्नातली हळद पुन्हा हळदीच्या रंगाची करायला तिला तीन दिवस लागले. तेव्हापासून वही. प्रत्येक बदल वेगळ्या थरात ठेवायचा, थराला नंबर द्यायचा आणि तोच नंबर वहीत लिहायचा. पुढं तिनं पानावर आणखी एक रकाना आखला, 'कोणी सांगितलं' म्हणून. कारण नवरदेवाचा काका येऊन मांडव गुलाबी करून जाई आणि आठ दिवसांनी आत्या येऊन विचारी, की मांडवाले हा रोग कोनी लावला? रकान्यात काकाची सही दिसली की आत्या काकाकडे वळे आणि जया आपल्या कामाकडे.

वही सुरू झाल्यापासूनच्या नऊ वर्षांत तिनं तीत न लिहिता एकही रंग हलवला नव्हता.

डिसेंबरातल्या एका सकाळी वडनेरची मंदाबाई जिना चढून वर आली. मागं तिची मुलगी आचल, मोबाइलमध्ये डोकं घालून. मंदाबाईचे यजमान प्रभाकरराव खाली गाडीपाशीच थांबले होते. समाजाचा वधू-वर परिचय मेळावा जवळ आला होता, आणि मेळाव्यात प्रत्येक मुलामुलीचा एक मिनिटाचा व्हिडिओ दाखवायचं काम यंदाही कैलासभाऊंकडे होतं. आचलचं चित्रण ते स्वतः वडनेरला जाऊन करून आले होते.

जयानं वर पाहिलं आणि मंदाबाईला ओळखलं. तेरा वर्षांत बाई अंगानं भरली होती, केस रंगवलेले होते, पण खालचा ओठ मुडपून समोरच्या माणसाला वरून खाली मोजायची लकब तीच होती. मंदाबाईनं जयालाही तसंच मोजलं. ओळखलं मात्र नाही.

"जया, ह्या मंदाकाकू," कैलासभाऊ म्हणाले. "रंगाचं थोडंसं काम आहे त्याइचं."

जयानं व्हिडिओ लावला. फुटलेल्या कपाशीच्या वावरात आचल मोरपंखी साडी नेसून उभी होती आणि हसत होती. तिच्यामागं दूरवर पांढरंच पांढरं.

"हे पाहा," मंदाबाई खुर्ची ओढून बसली. "माही पोरगी इतकी काळी हाय का? तुमच्या कॅमेऱ्यानं केली."

"मागं पांढरा कापूस आहे ना मावशी. कॅमेरा त्याले पाहून उजेड कमी करते. मंग माणूस काळं पडते."

"मंग कापसात काऊन उभं केलं तिले?"

"काकू, तुमीच म्हनल्या होत्या, वावर दिसलं पायजे," कैलासभाऊ हळूच म्हणाले.

आचलनं पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर केली. पडद्याकडे पाहिलं, मग जयाकडे पाहिलं. "आई, मी तं यात या ताईसारखी दिसून राह्यली!"

कैलासभाऊंना एकदम खोकला आला आणि ते पाण्याच्या बाटलीकडे गेले.

"गप वं," मंदाबाई म्हणाली, पण तिच्याही ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "हे पाहा बाई, उलीसं उजळ करजो. उलीसंच. जास्त नोको."

"जास्त केलं तं काय होते?" जयानं विचारलं. कामासाठी हे विचारायची काही गरज नव्हती.

"होते ना! आमी एकदा माह्या स्वप्निलसाठी पोरगी पाह्याले गेलतो, तिकडं आर्वीकडं, रोहण्याले. फोटोत पोरगी कशी, केळीच्या गाभ्यासारखी. अन् पोह्याचं ताट घेऊन बाहेर आली तं काय सांगू बाप्पा! मी पर्समधून फोटो काढला अन् तिच्या तोंडाजवळ धरला. म्हनलं, भाऊ, हे नाई, फोटोतल्या पोरीले बाहेर आना!"

"मले आठवते!" आचल म्हणाली. "मी होती ना तिथं. पयले मीच हासली. चिवडा नाकात गेलता माह्या."

दोघी मायलेकी हसल्या. बाटली तोंडाला लावलेले कैलासभाऊही हसले. त्यांना काही ठाऊक नव्हतं. जयानंही हसल्यासारखं केलं. तिचा हात माउसवर होता आणि तो हात तिथून हलू नये याकडे तिचं सगळं लक्ष होतं.

मग तिनं दोन थर चढवले. पहिल्या थरात सगळ्या चित्राचा उजेड जरासा वर. कापसानं हिरावलेला उजेड मुलीला परत दिला, एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्या थरात चेहऱ्याचा सावळेपणा दोन अंकांनी कमी. मंदाबाईनं चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, आणि म्हणाली, "बस. एवढंच पायजे." जयानं वही पुढं केली. दोन्ही ओळींसमोर मंदाबाईनं ठसठशीत अक्षरात सही केली आणि मायलेकी जिना उतरून गेल्या. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत जया तशीच बसून होती.

मंदाबाईनं सांगितलेल्या गोष्टीत चूक काही नव्हती. फक्त ती अर्धी होती.

तो फोटो आर्वीच्या फोटोवाल्यानं न विचारताच गोरा केला होता. तेव्हा ती रीतच होती. पोरगी लग्नाची म्हटली की तो हात फिरवूनच फोटो देई. जया तेवीस वर्षांची होती. पाकीट उघडून ती म्हणाली होती, "बाबा, ही मी नाई." तिच्या वडिलांनी, रूपरावांनी, फोटो उन्हाकडे धरून पुन्हा पुन्हा पाहिला होता आणि म्हणाले होते, "तूच तं हायेस वं." त्यांच्या आवाजात इतकं कौतुक होतं, की तिनं पुढं काही बोलायचं नाही असं ठरवलं.

मग तो दिवस. फोटो तिच्या गालाजवळ धरलेला, त्याची कड कानाला लागलेली. बैठकीतली बारा-तेरा माणसं हसली हे तिनं सोसलं. फ्रॉकातल्या त्या पोरीचं सगळ्यांत आधी फुटलेलं हसूही सोसलं. पण 'फोटोतल्या पोरीले बाहेर आना' असं बाईनं म्हटल्याबरोबर रूपरावांनी मान वळवून आतल्या दाराकडे पाहिलं. एक क्षणच. जणू त्या दारातून खरोखरच दुसरी कोणी पोरगी येणार होती आणि त्यांची सुटका करणार होती. ती नजर जयाच्या जिव्हारी लागली. पुढं आणखी दोन स्थळं आली. तिनं बाहेर यायला नकार दिला आणि वर्ध्याला कॉम्प्युटर शिकायला निघून आली. रूपराव अजून रोहण्याला आहेत. दिवाळीला ती जाते. बोलताना ते आपल्या खांद्यावरून मागं कुठंतरी बघतात असं तिला वाटतं. खरं असेल, नसेलही.

आता ती बाई आपल्या पायांनी चालत आली होती, आणि आपल्या मुलीसाठी तेच मागत होती.

सोमवारी मेळाव्याच्या कमिटीची बैठक झाली. दरवर्षी सकाळी सगळे व्हिडिओ दाखवत आणि दुपारी मुलंमुली स्टेजवर येऊन आपली ओळख सांगत. यंदा वेळ वाचवायला दोन्ही एकत्र करायचं ठरलं. मुलगी स्टेजवर येईल, तिच्या पाठीमागं भिंतीएवढ्या पडद्यावर तिचा व्हिडिओ चालेल, आणि मिनिट संपलं की ती माइकवर बोलून खाली उतरेपर्यंत शेवटचं चित्र नाव-नंबरासकट वर थांबून राहील. मागच्या वर्षी दोन मुलांची नावं चुकली होती, म्हणून यंदा व्हिडिओ तयार करून द्यायचे नाहीत. जयानं लॅपटॉप घेऊन हॉलमध्येच बसायचं आणि प्रोग्रॅममधूनच थेट दाखवायचं, म्हणजे ऐनवेळीही दुरुस्ती होईल.

जयानं हे सगळं ऐकून घेतलं. घरी जाताना ती दोन वेळा चुकीच्या गल्लीत वळली.

पडद्यावर एक आणि खाली एक. तिनं काही खोटं करायचं नव्हतं, कोणाला काही सांगायचं नव्हतं. मंदाबाईनं मागितलेलं द्यायचं होतं, फक्त मागितल्याहून थोडं जास्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी कैलासभाऊ सेलूला चित्रणाला गेले असताना तिनं आचलचा व्हिडिओ उघडला आणि तिसरा थर चढवला. चेहऱ्याभोवती एक गोल काढला आणि त्याला चेहऱ्याच्या मागं मागं फिरायला लावलं. आचल मान वळवी तिकडे गोल जाई, आणि गोलाच्या आत सकाळ झाल्यासारखं उजळे. चौथ्यात मान आणि हात. पाचव्यात कातडीतला पिवळेपणा काढून गुलाबी भरला. सहाव्यात गालावरची देवीच्या लसीएवढी खूण आणि कपाळावरच्या बारीक पुटकुळ्या पुसून टाकल्या. सातव्यात डोळ्यांचं पांढरं आणि दात. काम सुरेख झालं. नऊ वर्षांत तिनं इतकं चांगलं काम कोणाचं केलं नव्हतं. केळीच्या गाभ्यासारखी पोरगी कपाशीत उभी राहून हसत होती.

मग तिनं वही ओढली. इथं कोणीही थांबला असता. जे काम चोरून करायचं ते लिहायचं कशाला? पण न लिहिता रंग हलवला असा एकही दिवस तिच्या हाताला ठाऊक नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिला ते लिहिलेलं हवंही होतं. लिहिल्याशिवाय ते आपलं वाटेना. तीन ते सात असे पाच बदल तिनं डाव्या पानावर लिहिले, उजव्या पानावर प्रत्येकाची परतीची वाट लिहिली, आणि 'कोणी सांगितलं' या रकान्यात पाच वेळा लिहिलं, 'स्वतः'.

मेळावा वर्ध्यातल्या एका मंगल कार्यालयात होता. सकाळी नऊपासून हॉल गच्च भरला. बायकांच्या मांडीवर उमेदवारांची पुस्तिका, पुरुषांच्या खिशाला पेन, नंबरांवर खुणा चाललेल्या. हॉलच्या मधोमध टेबलावर लॅपटॉप, त्यापुढं जया, आणि लॅपटॉपजवळ बारावी वही. पहिल्या रांगेत प्रभाकरराव पांढऱ्या सफारीत बसले होते. मंदाबाई त्यांच्या शेजारी.

सत्त्याऐंशी नंबर पुकारला तेव्हा साडेबारा वाजत आले होते. आचल स्टेजवर आली. साडी तीच मोरपंखी. जयानं बटण दाबलं.

आधी हॉल शांत होता. मग मागच्या पुरुषांच्या रांगांतून एक कुजबुज निघाली आणि पुढं सरकत आली. पडद्यावर दहा फूट उंच गोरीपान मुलगी हसत होती, आणि तिच्या पायाशी एक सावळी मुलगी माइक धरून उभी होती. साडीचा रंग सारखा म्हणून तर जास्तच नजरेत भरत होतं. कोणीतरी फसकन हसलं. मागून एक आवाज आला, "ओ, वरची कधी येऊन राह्यली?"

हॉल हसला. बायका पदर तोंडाशी नेऊन हसल्या.

"नमस्कार," आचल माइकमध्ये म्हणाली, "मी आचल. माझं एम.एस्सी. झालं आहे, केमिस्ट्रीत..." हसू थांबेना. लोक कुठं पाहताहेत ते तिला कळेना, म्हणून तिनं मागं वळून वर पाहिलं. वळलेली मान तिनं बराच वेळ पुढं आणली नाही.

तेवढ्यात प्रभाकररावांनी मान वळवली. स्टेजच्या कडेला जिथून मुली वर येत होत्या तिथल्या कापडी पडद्याकडे त्यांनी पाहिलं. एक क्षणच. कोणी दुसरी येते का, असं.

जयाला ते दिसलं. तेरा वर्षं ती हेच बघायला थांबली होती. तिच्या छातीत काहीतरी मोकळं झालं आणि इतकं गोड लागलं, की तिला स्वतःची भीती वाटली.

मंदाबाई खुर्च्यांना धडकत टेबलापाशी येऊन पोचली. "अवं बाई! हे काय करून ठेवलं? बंद कर! बंद कर आधी!"

"बंद नाई करता येत मावशी. पोरगी खाली उतरेपर्यंत नाव दिसलं पायजे, कमिटीचा नियम आहे."

"मंग काढ ते! रंग काढ!"

"कोनता रंग?"

"गोरा! गोरा रंग काढ ना वं!"

"स्पीकरमुळे ऐकू येत नाई मावशी. जोरानं सांगा."

मंदाबाईचा चेहरा घामानं चमकत होता. "माही पोरगी जशी हाय तशी दाखव वं माय!" ती ओरडली. नेमका त्याच वेळी आचल बोलायची थांबली होती, आणि ते वाक्य स्पीकरशिवायच पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं.

"जशी हाय तशी," जया म्हणाली. आता तिनं आवाज खाली आणला. हे फक्त एकीसाठी होतं. "म्हंजे फोटोतल्या पोरीले आत नेऊ, अन् हिले बाहेर आनू. असंच ना?"

मंदाबाई तिच्याकडे बघत राहिली. खालचा ओठ मुडपायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग तिच्या डोळ्यांत रोहण्याची बैठक, पोह्याचं ताट, सगळं एकामागून एक येताना जयाला स्पष्ट दिसलं.

"तू... तूच ते..."

"हो."

"तू मुद्दाम केलं! मी उलीसं म्हनलं होतं!"

"तुमची सही आहे मावशी," जया म्हणाली आणि वहीच्या पुठ्ठ्यावर तळहात ठेवला. वही उघडली नाही. आजूबाजूच्या चार-पाच बायका ऐकत होत्या. मंदाबाईनं वहीकडे पाहिलं, आणि आपली सही तिला आठवली.

मग जयानं थर उतरवायला घेतले. सातवा गेला; दात साधे झाले. सहावा गेला, गालावर खूण परत आली. पडद्यावरची मुलगी एकेक पायरी खाली उतरू लागली, आणि हॉल ते डोळे फाडून बघत राहिला. पाचवा गेला तेव्हा मागच्या पोरांनी उतरलेल्या पायऱ्या मोजायला सुरुवात केली होती. "चार!" जया दाबी आणि ते ओरडत. "पाच!"

"मी इथं हाये," आचल माइकमध्ये म्हणाली. घोकलेली प्रमाण भाषा गळून पडली होती. "तिकडं काऊन पाहून राह्यले सगळे? इकडं पाहा ना. मी इथं हाये."

"सहा!"

शेवटचा थर जयाला काढायचा नव्हता. तो पहिला थर, कापसानं हिरावलेल्या उजेडाचा, खरा होता. पण तिचं बोट थांबलं नाही. "सात!" पोरं ओरडली. पडद्यावर मुळातल्याहून काळी पडलेली मुलगी पांढऱ्या कपाशीपुढं उभी राहिली, आणि खालची मुलगी माइक स्टेजवरच ठेवून उतरून गेली.

जेवणाची सुट्टी झाली. वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदीचा वास हॉलभर पसरला. कैलासभाऊ येऊन टेबलावर वाकले. "जया, काय लोचा झाला गं? मंदाकाकू खाली रडून राह्यल्या."

"सही आहे त्याइची, भाऊ."

"सही आहे ना? मंग झालं," असं म्हणून ते निर्धास्त होऊन पंगतीकडे गेले. त्यांनीही वही उघडली नाही. नऊ वर्षांत त्यांना ती कधी उघडावी लागली नव्हती.

आचल आली ती एकटीच. तोंड धुतलेलं होतं, कपाळावरचे केस ओले होते. ती टेबलापलीकडे उभी राहिली.

"तुमी रोहण्याच्या," ती म्हणाली.

"हो."

"वही पाहू."

जयानं वहीवरचा हात काढला. का काढला ते तिला पुढंही कधी सांगता आलं नाही. आचलनं वही आपल्याकडे फिरवून घेतली, नंबर शोधला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. दोन ओळींवर तिचं बोट थांबलं नाही. तिसऱ्या ओळीवर थांबलं.

"हे दोन आईचे."

"हो."

"अन् हे पाच तुमचे."

लिहिलेलं होतंच. आचलनं उजवं पान वाचलं.

"हे सगळं एकदम काढता येत नाई का?"

"येते."

"कितीदा दाबा लागते?"

"एकदा."

"अन् तुमी सातदा दाबलं." तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जयाला जड जात होतं. "लोकं मोजत होते. वरून ऐकू येते सगळं."

पलीकडे कोणीतरी बुंदीचा डाव पातेल्यावर आपटला.

"मी बारा वर्सांची होती तवा," आचल म्हणाली. "हासली मी. पोट्टी होती. तुमी किती वर्सांच्या हायेत?"

"छत्तीस."

"मी वर उभी होती तवा, हासल्या का तुमी?"

जयाला नाही म्हणता आलं असतं. लोक हसत होते, तिच्या चेहऱ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, हे कोणीही तपासू शकलं नसतं.

"उलीसं," ती म्हणाली.

आचलनं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. मग पर्समधून मोबाइल काढला, वही सरळ केली, पानाची दुमडलेली कड बोटानं दाबून धरली आणि दोन्ही पानांचा फोटो घेतला. नीट आला का ते मोठा करून पाहिलं. पाचही ठिकाणी 'स्वतः' वाचता येत होतं.

"काय करशील त्याचं?" जयानं विचारलं. "भाऊले दाखवशील? कमिटीले?"

"आत्ता काईच नाई." आचलनं मोबाइल पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. "ठेवीन. तुमी तेरा वर्सं ठेवलं ना."

ती पंगतीच्या दिशेनं निघाली. खुर्च्यांच्या रांगा संपतात तिथं ती थांबली, वळली, आणि खालचा ओठ मुडपून तिनं जयाला वरून खाली, सावकाश, एकदा मोजलं. आईसारखंच. फक्त तिनं जयाला ओळखलेलं होतं.